लावता येणारं दार

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. पडून थांबलं नाही. फरशीवर गरगरत राहिलं, आधी ऐसपैस, मग लहान लहान वर्तुळांत, मग नुसतं थरथरत, आणि एकदम गप्प. दुपार होती. आमच्या घरात दुपारी आवाज होत नाहीत. साथीच्या दिवसांत आतल्या खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा सुरू झाल्या, तेव्हापासून आम्ही घरातल्या बायका मांजरांच्या पावलांनी वावरायला शिकलो. साथ ओसरली, लोक पुन्हा बिनधास्त एकमेकांच्या तोंडावर खोकायला लागले, पण घराचा तो दबका स्वभाव तसाच राहिला. त्यातून सासूबाईंच्या हातून कधी काही पडत नाही. कपबशी ठेवतील तीसुद्धा झोपलेलं बाळ ठेवावं तशी. त्यामुळे मी आवाजानं दचकले नाही, नंतरच्या शांततेनं दचकले. झाकण उचलल्याचा आवाज येईना. लेकीच्या मानेखालचा हात मी हळूहळू सोडवून घेतला आणि उठले.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उघडा डबा, झाकण पायाशी. "कंपनी परत येतेय," त्या म्हणाल्या. रुसून गेलेला जावई परत येतोय हे सांगावं तसा आवाज. आनंद करावा की धास्ती घ्यावी ते अजून ठरलेलं नाही असा. मग बाकीचं सांगितलं. त्यांना मजला सगळाच्या सगळा हवाय, पूर्वीसारखा. लांब मुदतीचा करार करायला तयार आहेत. परवा सकाळी त्यांचा माणूस बघायला येतोय. एवढं सांगून त्या वाकल्या, झाकण उचललं, फडक्यानं पुसलं आणि डब्यावर बसवलं. मी म्हटलं, "बरं झालं की." हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मजला नव्हता, कंपनी नव्हती, समोर उभ्या असलेल्या सासूबाईही नव्हत्या. एक खोली होती. बिनखिडकीची. आणि तिचं दार.

त्या खोलीचं कौतुक मी कुणाला सांगितलं तर लोक हसतील. कंपनी होती तेव्हा तिथे त्यांची यंत्रं असायची, सतत घुमणारी, आणि ती तापू नयेत म्हणून खोली थंडगार ठेवलेली. कंपनी गेली, यंत्रं गेली, भिंतीत तारांची भोकं राहिली. बाहेरचा उजेड नाही, हवेला एक जाळी, आणि अख्ख्या मजल्यावरचं सगळ्यात जाड दार. त्या दारामागे मी आठवड्यातले काही अर्धे दिवस बसते आणि नकाशे काढते. लोकांच्या ऑफिसांचे, दुकानांचे, एकदा एका दातांच्या दवाखान्याचा. दार लावलं की आधी कानांना काही सुचत नाही. मग बुडालेली वस्तू सावकाश पाण्यावर यावी तशी मी वर येते. आई गळून पडते, सून गळून पडते असलं नाटकी काही नाही. लेकीनं दूध प्यायलं का हे तिथेही मनात असतंच. पण ते बाजूला बसून राहतं, मांडीवर चढत नाही. घरी मला टेबल नाही असं नाही. चांगलं मोठं आहे, नवऱ्यानं हौसेनं आणलंय. पण ते हॉलच्या कोपऱ्यात आहे आणि हॉलला दार नाही. तिथे मी एक रेघ ओढते आणि रेघेच्या टोकाला कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असतं.

मजला सासऱ्यांचा. आयुष्य घालून घेतलेला आणि घेतल्यावर स्वतः कधी न वापरलेला. आमच्याच रस्त्याच्या टोकाच्या इमारतीत तो आहे. त्यांनी तो एका विमा कंपनीला भाड्यानं दिला आणि कंपनी तिथे इतकी रुळली की आमच्या घरात मजल्याचं नावच 'कंपनी' पडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, पण कंपनी होती. सासूबाई तिच्याबद्दल दूरगावी असलेल्या कमावत्या, घुम्या मुलाबद्दल बोलावं तशा बोलायच्या: पैसे वेळेवर पाठवतो, स्वतः काही येत नाही. साथ आली, कंपनीची माणसं आपापल्या घरी गेली, आणि घरीच राहिली. मग एक फार नम्र फोन आला. आमचं आता सगळं घरूनच चालतं, इतक्या वर्षांच्या संबंधांबद्दल आभारी आहोत. माणसं येऊन टेबलं, खुर्च्या, यंत्रं उचलून घेऊन गेली. मागे राहिलं एक कॅलेंडर, साथ आली त्या महिन्यावर थांबलेलं, आणि गालिच्यावर टेबलांच्या पायांचे खळगे.

सासूबाईंची आणि माझी खरी ओळख त्या रिकाम्या मजल्यावर झाली. तोपर्यंत आम्ही एकमेकींशी चांगलं वागत होतो, एवढंच. रोज संध्याकाळी त्या किल्ल्या घेऊन निघायच्या आणि मला म्हणायच्या, चल, हिलाही घे. तिथे जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडायच्या आणि प्रत्येक मोरीच्या जाळीत मगभर पाणी ओतायच्या. वापर थांबला की जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटतं आणि गटाराची घाण हवा वर येते. तेवढं मगभर पाणी ती अडवून धरतं. हे त्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक. "जागा रिकामी राहिली तर राहू दे," त्या म्हणायच्या, "वाळता कामा नये." नवरा गेल्यावर, मुलगा आतल्या खोलीत शिरल्यावर, या बाईनं स्वतःच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत असं मगभर पाणी ओतलं असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं. विचारलं नाही. असलं विचारलं की त्या "काहीतरीच" म्हणून पुढच्या खिडकीकडे जातात. लेक कडेवर होती. घरात तिला रांगायला जागा थोडी आणि 'शू' म्हणणारे फार. त्या मजल्यावर मी तिला खाली सोडलं आणि ती ओरडली. आनंदानं, पार बेंबीच्या देठापासून. आवाज समोरच्या भिंतीला लागून परत आला तशी बिचकली, विचार केला, आणि पुन्हा ओरडली. खळग्यांत बोटं घालत घालत ती तिथेच उभं राहायला शिकली. सासूबाई पाण्याचा मग हातात धरून बघत होत्या. कौतुक होतं चेहऱ्यावर, पण त्याच्या मागे, डोळ्यांत, दुसरंच काही चाललं होतं. कापडाचा उरलेला तुकडा हातात घेऊन यात काय काय बसेल याचा अंदाज घेणाऱ्या शिंप्यासारखं.

मग जिन्यात भाषांतरवाली भेटली. ती त्याच इमारतीत खाली राहते. दोन वेगळ्या भाषांतले डॉक्टर आणि पेशंट, त्यांच्या मध्ये फोनवर बसून इकडचं तिकडे सांगायचं, हे तिचं काम. घरी दोन मुलं, बहिरे सासरे आणि म्हणून मोठ्यानं लावलेला टीव्ही. आदल्या दिवशी ती एका माणसाला त्याच्या आजाराचं नाव सांगत होती आणि मागे कार्टूनचं गाणं वाजत होतं. हे सांगताना ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती. मजल्यावर जाऊन एक फोन करू द्याल का, एवढंच तिला विचारायचं होतं. दुसरं कुणीही हो म्हणालं असतं आणि विसरून गेलं असतं. सासूबाई पायरीवर बसल्या. फोनला किती वेळ लागतो, दिवसातून कितींदा, बोलताना फेऱ्या मारतेस का, पाठ दाराकडे असली तर तुला चालते का, असं विचारत राहिल्या. घरी आल्या त्या, साथीच्या दिवसांतही, हात धुवायचे विसरून सरळ माझ्याकडे आल्या. "लोकांना ऑफिस नकोच आहे गं," म्हणाल्या. "थोडा वेळ लावून घेता येईल असं दार हवंय."

मी तेव्हा नकाशे सोडले होते. सोडले म्हणजे, बाळंतपण आणि साथ एकदमच आली, ऑफिसनं सध्या थांबा म्हटलं आणि मी थांबले ती थांबलेच. सासूबाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला: मजला अर्ध्या-अर्ध्या दिवसानं लोकांना द्यायचा, नकाशा तू काढ. मी जे शिकले होते ते काढलं: टेबलांच्या रांगा, मधून वाटा, कोपऱ्यात साहेबाची काचेची खोली. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला, बोट एका रांगेवरून फिरवलं आणि विचारलं, "यातल्या कुणाकुणाला लहान मूल आहे?" मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नकाशातल्या चौकोनावर कुणीतरी बसणार, त्याला दुपारी निघायचं असणार, सोमवारी त्याची आई दवाखान्यात असणार, आणि शुक्रवारी त्याला नुसतं चार माणसांत बसायचं असणार. कॉलेजात हे कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर माझ्या हातून तशा रांगा निघाल्याच नाहीत. माणसं जागेला येत नाहीत, आपापल्या वेळेला येतात, असं काहीतरी मला उमगलं; एकच टेबल सकाळी एकाचं, दुपारी दुसरीचं. पण हे शहाणपण माझं नव्हे. मी फक्त त्याच्या रेघा ओढल्या.

खुर्च्या नव्हत्या, त्या कंपनी घेऊन गेली होती. सासूबाईंनी फर्मान काढलं की ज्यानं त्यानं खुर्ची घरून आणायची. घरी कोंडून घेतलेल्या दिवसांत जिच्यावर बसून काम जमलं तीच. मला वाटलं एक माणूस फिरकणार नाही. पण आले, खुर्च्या डोक्यावर घेऊन, लिफ्टमध्ये अडकवून, एकमेकांना रस्ता देत. जेवणाच्या टेबलाची, बागेतली वेताची, आरशासमोरचं गोल स्टूल. करसल्लागार तर चक्क आरामखुर्ची घेऊन आला आणि यातच माझं डोकं चालतं म्हणाला. टेबल मात्र कुणाचं नाही. सकाळी कोरं मिळणार, जाताना पुसून कोरं ठेवायचं. स्वतःची खुर्ची आणून ठेवलेला माणूस चार दिवसांत पळून जात नाही, हा त्यातला डाव माझ्या फार नंतर लक्षात आला. आणि आम्ही एक चूक केली, जी फक्त आमच्या घरातली माणसंच करू शकतात. आम्हाला वाटलं कामाला शांतता लागते. दुहेरी काचा बसवल्या, दारांना रबर लावलं, चहाचा ओटा पार मागच्या अंगाला ढकलला. मजला असा शांत झाला की स्वतःचं गिळणं ऐकू येई. आणि कुणाचंच काम होईना. माणसं टेबलाशी बसून एकमेकांकडे चोरून बघायची, खाकरायची, उठून जायची. शेवटी भाषांतरवालीनं कबूल केलं की घरी मिक्सर सुरू असतो त्या वेळात तिचं सगळ्यात छान जमतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ओटा उचलून मजल्याच्या मधोमध आणला. आता तिथे दिवसभर पाणी उकळतं, चमचे वाजतात, कुणीतरी कुणालातरी साखर कमी का म्हणून विचारतं, आणि भोवती सगळे मान खाली घालून काम करतात. ज्यांना दार हवं त्यांच्यासाठी कडेला दारं आहेत. आपलं चुकलं हे मान्य करायला सासूबाईंना ओटा उचलायला लागला तेवढाच वेळ लागला, याचंच मला जास्त नवल वाटतं.

तिथे एक पेपर वाचणारे आजोबाही येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, आपलं काम काय. ते म्हणाले, "मी निवृत्त आहे. पण घरी मुलगा, सून, नात सगळी कामाला बसतात. मला बसायला जागा उरली नाही." ते खिडकीतलं टेबल घेतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, टेबल पुसतात आणि ऑफिस सुटल्यासारखे घरी जातात. घरी गेल्यावर सून पाणी आणून देते, असं मला त्यांनी लाजत सांगितलं.

कंपनीचा फोन आला त्या संध्याकाळी नवरा मीटिंगमधून बाहेर आला, कानातली बोंडं काढत, आणि ऐकताक्षणी म्हणाला, देऊन टाक. त्याचं चुकत नव्हतं. मजल्याच्या इमारतीची लिफ्ट बदलायची आहे, आपला वाटा या अर्ध्या-अर्ध्या दिवसांच्या भाड्यातून निघायचा नाही. कंपनी आली तर तो प्रश्नच मिटेल. शिवाय आईचे गुडघे. "आई, तू मजला भाड्यानं देत नाहीस," तो म्हणाला, "तू पाळणाघर चालवतेस. मोठ्या माणसांचं." सासूबाई लेकीला भरवत होत्या. "तुझ्यापेक्षा बरी आहेत," त्या म्हणाल्या, "जाताना टेबल पुसून जातात." तो हसला, मीही हसले. मग त्यानं मला विचारलं, तुला काय वाटतं? चांगला माणूस आहे, मनापासून विचारतो. मी म्हटलं, आईंचा मजला आहे, आईंनी ठरवावं. वाक्य कसं गुळगुळीत होतं, कुठे बोट रुतायला जागा नाही. 'माझी खोली' हे दोन शब्द जिभेवर आले होते आणि तोंडापेक्षा मोठे वाटले. एका बाजूला लिफ्ट, गुडघे, भाषांतरवाली, आजोबा. आणि दुसऱ्या बाजूला मला पेन्सिल चावायला हवी असलेली एक कोंदट खोली. हे काही तोलून बघण्यासारखं आहे का, असं मी स्वतःला विचारत राहिले, आणि विचारताना हाताची मूठ वळलेली होती. दुसऱ्या दिवशी खोलीत गेले, दार लावलं आणि काहीच काढलं नाही. भिंतीतल्या भोकांकडे बघत बसले. जाळीतून चमच्यांचा आवाज येत होता आणि मधूनच लेकीचा. ती पुढे, आल्यागेल्याची नोंद ठेवायच्या टेबलाशी, आजीजवळ बसून येणाऱ्या प्रत्येकाला तुमची खुर्ची कुठली म्हणून दरडावत होती. हे सगळं दाराच्या पलीकडे चाललं आहे आणि मी अलीकडे आहे, एवढ्यानं माझं पोट भरत होतं. उद्या या वेळेला काय असेल ते सुचत नव्हतं.

कंपनीचा माणूस आला. मला कुणी करारी, बूट वाजवणारा अपेक्षित होता. हा मध्यमवयीन, थोडा दमलेला, आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या भलतीकडेच बघायला लागला. मग कळलं, कंपनी इथे होती तेव्हा तोही इथेच बसायचा. तो सरळ खिडकीकडे गेला. तिथे आजोबा होते. "बसा ना," ते पेपर गोळा करत म्हणाले, "माझ्या पुरवण्याच उरल्यात, मला कुठेही चालेल." तो नको नको म्हणाला आणि तिथे उभा राहून बाहेरची झाडं बघत राहिला. मग त्याला बसवायची वेळ आली, आणि आमच्या लक्षात आलं की मजल्यावर एकही फालतू खुर्ची नाही. प्रत्येक खुर्ची कुणाची तरी. रिकामी होती ती फक्त करसल्लागाराची, तो कोर्टात गेला होता. त्यामुळे कंपनीच्या माणसाला आरामखुर्चीत बसावं लागलं. बसावं कसलं, तो आत गेला, गुडघे वर आले, आणि पुढची सगळी बोलणी त्यानं छताकडे बघत केली. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या. त्यांनी चहा दिला. तुमची माणसं आता कुठल्या दिवशी येणार, असं विचारलं. मधले तीन दिवस, तो म्हणाला, कंपनीनं हल्लीच ठरवलंय. आणि बाकीचे दिवस? त्यानं कप पोटावर ठेवून विचार केला. "बाकीचे दिवस नुसते दिवे लागतील," तो म्हणाला.

"मग दिव्यांचं भाडं कशाला भरता?" सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस घ्या. खिडकीची सगळी बाजू तुमची. उरलेल्या दिवशी माझ्या लोकांची."

तो म्हणाला, असा करार आमच्यात बसत नाही, वरचे ऐकणार नाहीत. त्या म्हणाल्या, घरून काम होत नाही असंही वरचेच म्हणत होते ना? तो हसला. खुर्ची त्याच्याबरोबर हलली. मग तो कामाचं विचारायला लागला: संध्याकाळी आमच्या माणसांचं सामान कुठे जाणार, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं कुणी बसणार, कागद कुणी बघितले तर. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग गं." मी काही तयारी केली नव्हती. पण तोंड उघडलं आणि सगळं जागच्या जागी असल्यासारखं निघत गेलं: चाकांची कुलूपबंद कपाटं, संध्याकाळी ढकलून या भिंतीशी उभी राहतील, भिंतच होतील; टेबलं कोरी; तुमच्या दिवशी ओट्याची ही बाजू उघडी, त्यांच्या दिवशी ती. त्याच्या वहीच्या पाठीवर मी रेघा ओढत होते आणि सासूबाई कान देऊन ऐकत होत्या, मध्ये एकदाही न बोलता. त्यांना माझ्याबद्दल खात्री होती. मला ती तोपर्यंत नव्हती, एवढाच आमच्यातला फरक.

हे वरच्यांना सांगता येईल, तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. एकच गोष्ट, तो म्हणाला. यंत्रं. ती मात्र चाकांवर जात नाहीत, त्यांना सगळे दिवस बंद खोली लागते, जाड दाराची, दुसऱ्या कुणाला किल्ली नसलेली. त्यानं मान वळवून पाहिलं. "ती आमचीच होती की."

ओट्यावरचं पाणी उकळत होतं. सासूबाईंनी ते बंद केलं. "ती खोली माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "तिची आहे. तिला विचारा."

मला वाटतं त्या वेळी मी दाराकडे पाहिलं. माझ्या तोंडात न मावणारे शब्द दुसरं कुणीतरी इतक्या सहज, चहाचा कप विसळता विसळता बोललं होतं. मी लग्न करून आले त्या घरात माझ्यासाठी पुष्कळ काही आणलं गेलं, दिलं गेलं, माझ्या वाटचं ठेवलं गेलं. पण कशाकडे बोट दाखवून हे तिचं, तिला विचारा, असं म्हटलेलं मला आठवेना. सासूबाईंनी करार हातचा जाऊ द्यायची तयारी ठेवून ते म्हटलं होतं, लिफ्टसकट, गुडघ्यांसकट. कडेच्या एका दारामागून भाषांतरवालीचा आवाज येत होता, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवत. कुणाला तरी काहीतरी अवघड सांगणं चाललं होतं. आजोबांनी पान उलटलं. कंपनीचा माणूस आरामखुर्चीतून मान उंच करून माझ्याकडे बघत होता, त्यालाही कळलं होतं की आपण भलत्याच ठिकाणी पाय ठेवला. कुणी ती खोली मागून घेतली असती, किंवा न विचारता यंत्रं आणून ठेवली असती, तर मी मनातल्या मनात आयुष्यभर त्या दाराला धरून बसले असते. मला विचारलं. विचारल्यावर ती माझी झाली, आणि माझी झाली म्हणून देता आली. मी हो म्हटलं. छातीत काहीतरी उचललं गेलं, आणि जिथून उचललं गेलं तिथे खळगे राहिले.

वरच्यांनी मान्य केल्याचा फोन संध्याकाळीच आला. घरी परत येताना सासूबाई मुद्दाम हळू चालत होत्या, मला बरोबर राहता यावं म्हणून. एरवी मला त्यांच्यामागे पळावं लागतं. नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं, त्या म्हणाल्या, मी त्याला जिन्यापर्यंत सोडून आले असते. मी म्हटलं, आणि लिफ्टचं काय केलं असतं? "जिना आहे की," त्या म्हणाल्या, गुडघ्यावर हात ठेवून. मग फाटकापाशी थांबल्या. नवा नकाशा काढायला घे, म्हणाल्या. मागच्या वेळी तू सगळ्यांना बसवलंस आणि उरलेल्या भोकात स्वतः बसलीस. "या वेळी आधी तुझी जागा काढ. मग बाकीच्यांना बसव." त्या आत गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. जग एवढं आक्रसलं आणि पुन्हा पसरलं, माझ्या वयाची माणसं अजून बावरून उभी आहेत, आणि ही बाई प्रत्येक वेळी उठते, बघते, आणि भिंत थोडी सरकवते.

नवी जागा होईपर्यंत मात्र हॉलमधलं टेबल. मी ते आवरायला घेतलं. लेक खाली बसून ठोकळ्यांचं काहीतरी रचत होती. मी तिला सांगितलं, आता ती वरची खोली यंत्रांना दिली, आता आई काही दिवस घरूनच काम करणार, तुझ्याजवळ, इथेच. मला वाटलं ती उडी मारेल. तिनं हातातला ठोकळा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, तिच्या आजीसारखं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"तिकडे दार लागलं की मला कळायचं तू आत आहेस," ती म्हणाली. "आई, तू घरी असतेस तेव्हा कुठे जातेस?"